घोड्याचा खरारा: साधनं कोणती घ्यावीत, कशी जपावीत

मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरली की घोडेबाजाराच्या कडेनं सामानाची पालं लागतात. झुली, गोंडे, घुंगरांचे पट्टे, रंगीत लगाम असे पुढं टांगलेले असतात, आणि खरारे नि ब्रश मागं पोत्यावर ढीग घालून. गिऱ्हाइकाचा हातही तसाच चालतो. शृंगाराला सैल, आणि ब्रश म्हटलं की "द्या कोणताही एक". मग त्या एकाच ब्रशनं घरचे दोन घोडे, पाहुण्याची घोडी आणि वेळ पडली तर बैलसुद्धा घासला जातो.

आमचं म्हणणं सरळ आहे. घोड्यासाठी साधनं थोडी पुरतात, पण ती ज्याची त्याची वेगळी असावीत, आणि स्वच्छ व कोरडी राहावीत. दहा तऱ्हेचे ब्रश घेऊन ते एका बंद पिशवीत कोंबण्यापेक्षा चार वस्तू नीट खुंटीला टांगलेल्या बऱ्या. रबरी खरारा, ताठ केसांचा ब्रश, मऊ केसांचा ब्रश आणि खूर साफ करायची आकडी, एवढ्यावर रोजचं काम निभतं. त्यात दोन स्पंज आणि सुती फडकी घाला. बाकीचं सगळं सोय किंवा हौस.

लोखंडी खरारा घोड्याच्या अंगावर नको

मराठवाड्यात घरोघर दिसतो तो लोखंडी खरारा: पत्र्यावर दातेरी पट्ट्यांच्या रांगा, मागं लाकडी मूठ. बैलाच्या जाड कातड्यावर तो चालतो, घोड्याच्या नाही. घोड्याची कातडी पातळ असते. अंगावर माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरवून तो ती उडवतो, यावरून तिची जाण लक्षात यावी. अशा कातडीवर लोखंडी दात ओढले की बारीक ओरखडे उठतात. केसांखाली ते दिसत नाहीत, पण धूळ, घाम आणि माश्या तिथंच काम करतात. घोडा खरारा करताना कान मागं टाकतो, शेपटी आपटतो, तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळायच्या जागेला हात लावू देत नाही, तेव्हा "खोडील आहे" म्हणायच्या आधी आपल्या हातातला खरारा पाहावा.

लोखंडी खराऱ्याचं खरं काम ब्रश साफ करायचं. उजव्या हाताला मऊ ब्रश लागत असेल तर डाव्या हातात लोखंडी खरारा धरायचा. अंगावर चार-पाच हात मारले की ब्रश त्याच्यावर एकदा ओढायचा आणि मळ खाली पाडायचा. खराऱ्यात मळ साठला की तो दगडावर आपटून झटकायचा, घोड्याच्या कानापासून जरा लांब जाऊन. नवा खरारा घेतल्यावर पट्ट्यांच्या कडांवरून बोट फिरवून पाहा. धार लागत असेल तर बारीक कानस मारून ती मोडून घ्या, नाहीतर ब्रशचे केस कापले जातात.

अंगावर फिरवायला रबरी खरारा. अंडाकृती, बोटभर जाडीचा, खाली रबराचे दात आणि वर तळहात अडकवायला पट्टा. घेताना तो दोन्ही हातांनी दुमडून पाहायचा. चांगला रबर दुमडतो आणि सोडला की लगेच सरळ होतो. दुमडताना पांढरी रेघ उठली किंवा दातांच्या बुडाशी चिरा दिसल्या तर तो माल जुना आहे, उन्हाळ्यात तुटणार. दात साधारण १ सेंटिमीटर लांब असावेत. त्याहून तोकडे असले तर केसांच्या मुळापर्यंत पोचत नाहीत. मग स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर जरा जोरानं घासून पाहा. तुम्हाला टोचलं तर घोड्यालाही टोचणार.

रबरी खरारा गोल गोल फिरवायचा, केसांच्या उलट-सुलट दिशेनं, म्हणजे वाळलेला चिखल, मेलेले केस आणि कोंडा मुळातून वर येतो. मानेपासून सुरू करून खांदा, बरगड्या आणि मांसल पुठ्ठा. जिथं कातडीखाली लगेच हाड आहे तिथं तो नेऊ नका: तोंड, पाठीचा कणा, गुडघे, मागच्या पायाचा ढोपराचा सांधा, नळ्या (गुडघ्याखालची हाडं). कुशीत आणि पोटाखाली हात हलका. माघ-फाल्गुनात थंडीचे केस गळायला लागले की याच खराऱ्याखाली केसांचे पुंजके निघतात. त्यासाठी लोखंडी पात्याचं वेगळं हत्यार विकायला असतं, पण आपल्याकडच्या थंडीत घोड्याला फार दाट केस येत नाहीत. रबरी खराऱ्यावर दहा मिनिटं जास्त घातली की ते काम होतं.

दोन ब्रश, दोन कामं

ताठ केसांचा ब्रश, ऑनलाइन तो डँडी ब्रश म्हणून मिळतो, हा झाडूसारखा वापरायचा. खराऱ्यानं वर आणलेली धूळ तो बाहेर फेकतो. केस साधारण ५ सेंटिमीटर लांब असतात. हात केसांच्या दिशेनं, छोटा, आणि शेवटी मनगटाला झटका. झटका दिला नाही तर धूळ पुढच्या हातभर जागेत नुसती सरकते. दाबून घासायचं नाही. पातळ कातडीच्या आणि नुकत्याच केस कापलेल्या घोड्याला हा ब्रश बोचतो, तिथं तो सोडूनच द्यावा.

मऊ ब्रश, म्हणजे बॉडी ब्रश, यावर मात्र पैसे खर्च करावेत. केस तोकडे, दीड-दोन सेंटिमीटरचे, आणि अगदी दाट. कातडीतून निघणारा तेलकटपणा तो केसांच्या टोकापर्यंत पसरवतो, आणि अंगाला जी खरी चकाकी येते ती त्यातून येते. वरून तेल चोपडून आलेली चकाकी वेगळी. आपल्याकडे वरातीच्या घोड्याला खोबरेल लावायची पद्धत आहे. तासभर तो चमकतो, मग रस्त्यावरची सगळी धूळ त्या तेलाला चिकटते, आणि दुसऱ्या दिवशी साबण लावल्याशिवाय ती निघत नाही. पुन्हा साबणानं कातडी कोरडी, म्हणून पुन्हा तेल. रोज पंधरा मिनिटं मऊ ब्रश मारला तर या चक्रात पडायची गरज राहत नाही.

या ब्रशला हाताचा नाही, अंगाचा जोर लागतो. घोड्यापासून हातभर लांब उभं राहायचं, कोपर किंचित वाकवून हात जवळजवळ सरळ ठेवायचा, आणि पुढं झुकून आपलं वजन ब्रशवर टाकत लांब हात ओढायचा. जवळ चिकटून नुसत्या मनगटानं घासलं तर हात दुखतो आणि मळ तिथंच राहतो.

ब्रश घेताना काय पाहायचं? पहिलं म्हणजे केसांचा एक झुपका चिमटीत धरून ओढायचा. दोन-तीन केस आले तर ठीक, नव्या ब्रशातून तेवढे सुटे केस निघतातच. झुपकाच हलला तर ब्रश ठेवून द्या. दुसरं, केस कशाचे आहेत ते. नैसर्गिक म्हणून नायलॉनचे ब्रश सर्रास विकले जातात. एक केस उपटून काडी लावा: खरा केस जळताना केसासारखाच वास येतो आणि राख चुरगळते, नायलॉन वितळून त्याचा कडक मणी होतो. नायलॉन वाईट असतं असं नाही. ताठ ब्रशला ते चांगलंच, धुवायला सोपं, लवकर वाळतं. पण मऊ ब्रशात नायलॉन असेल तर थंडीच्या कोरड्या हवेत अंगावर वीज साठते, केस उभे राहतात, धूळ परत चिकटते आणि घोड्याला बारीक झटके बसतात. म्हणून मऊ ब्रश घोड्याच्या किंवा बकरीच्या केसांचा पाहावा.

डुकराच्या केसांचे ब्रशही बाजारात पुष्कळ आहेत आणि कामाला ते चांगले असतात. पण आपल्याकडे घोडे सांभाळणाऱ्यांत मुसलमान सईस खूप आहेत. ज्यानं रोज तो ब्रश हातात धरायचा त्याला आधी विचारावं, नाहीतर ब्रश नुसता खुंटीला राहतो आणि खरारा फडक्यानंच उरकला जातो.

तिसरी गोष्ट पट्टा. त्यात आपला हात घालून पाहा. चार बोटं सैल फिरली पाहिजेत, पण ब्रश उलटा केल्यावर पडता कामा नये. कातडी पट्ट्याला भोकं असावीत, म्हणजे हाताप्रमाणं कमी-जास्त करता येतो. पट्टा नुसता खिळ्यांनी ठोकलेला असेल तर खिळ्यांची टोकं दुसऱ्या बाजूनं वर आलीत का, तेही पाहा. कानपूर हे आपल्या देशातलं घोड्याच्या चामडी सामानाचं मोठं ठिकाण, पण त्या नावावर जाऊ नका. नाव तेच सांगून हलका मालही विकला जातो. हातात धरून पाहिल्याशिवाय मऊ ब्रश घेऊ नये.

तोंडासाठी वेगळा छोटा ब्रश विकत मिळतो. बुटांना पॉलिश करायचा नवा कोरा ब्रश, तळहाताएवढा, तेच काम करतो. पण नवा कोराच. पॉलिश लागलेला धुऊनही नको.

आकडी

काळ्या मातीच्या भागात खरं काम खुरांचं. पावसाळ्यात ती माती नालेच्या आत अशी घट्ट बसते की तळव्याखाली डिखळाचा गोळा होतो, आणि त्यात एखादा खडा सापडला तर घोडा त्याच खड्यावर दिवसभर उभा. उन्हाळ्यात माती वाळते, पण मग खडी, काचा आणि बाभळीचे काटे. म्हणून खूर दिवसातून दोनदा पाहायचे: बाहेर काढण्याआधी आणि आणल्यावर.

आकडी गावातल्या लोहाराकडून करून घेतली तर दुकानातल्यापेक्षा टिकते. ८ मिलिमीटरची सळई, एकूण लांबी वीतभर, टोकाशी काटकोनापेक्षा जरा उघडा बाक. टोक चपटं करायचं, ६-७ मिलिमीटर रुंद, आणि कानशीनं गोल करून घ्यायचं. टोक अणकुचीदार ठेवून देतात ती मोठी चूक. घोड्यानं पाय झटकला की ते तळव्यात किंवा आपल्या मांडीत जातं. मुठीला लाल किंवा पिवळी चिकटपट्टी गुंडाळा, गवतात पडली तर दिसेल.

पाय उचलताना खांद्याजवळ उभं राहून, तोंड शेपटीकडं करून, हात खांद्यावरून खाली नळीपर्यंत सरकवायचा. घोडा वजन दुसऱ्या पायावर टाकतो तेव्हाच पाय उचलायचा. खाली बसायचं किंवा गुडघा टेकायचा नाही, नुसतं वाकायचं. आकडी टाचेकडून पुढच्या टोकाकडे ओढायची, उलट नाही. तळव्यात मागच्या बाजूला जो त्रिकोणी रबरासारखा मऊ भाग असतो त्याच्या दोन्ही बाजूंना खोबणी असतात आणि मधोमध एक चीर. घाण तिथंच साठते. खोबणीतली घाण आकडीनं काढा, पण मधली चीर आकडीनं खोदू नका, ती ब्रशनं साफ करा.

खोबणीतून काळं, चिकट आणि कुजका वास असलेलं काही आलं, तर ते खुराच्या मऊ भागाचं कुजणं. ओल्या, शेणा-मुताच्या जागेत उभं ठेवल्यानं ते होतं. सुरुवातीचं असेल तर रोज साफ करून, फडक्यानं कोरडं करून पोव्हिडोन आयोडीन लावल्यानं आटोक्यात येतं, पण उभं राहायची जागा कोरडी केली नाही तर कोणतंही औषध पुरत नाही. खोबणी खोल गेली असेल, घोडा लंगडत असेल, तर नालबंद आणि जनावरांचे डॉक्टर दोघांनाही दाखवा. खिळा किंवा काटा तळव्यात रुतलेला दिसला तर तो घाईनं उपटू नये. किती खोल आणि कुठल्या दिशेनं गेलाय ते डॉक्टरांना कळायला हवं. ते येईपर्यंत पाय टेकून तो आणखी आत जाणार असेल तरच काढावा, आणि काढण्याआधी त्याची जागा व दिशा खुणेनं किंवा मोबाइलच्या फोटोत टिपून ठेवावी.

शेपूट नि आयाळ

कंगवा सगळ्यात कमी वापरा. शेपटीचा केस महिन्याला जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर वाढतो, म्हणजे मुळाशी तुटलेला केस पुन्हा खुराच्या उंचीला यायला वर्षं जातात. बोटांनी गुंता सोडवायचा, खालच्या टोकापासून वर. मग रुंद दातांची फणी, तीही वर एका हातानं केस घट्ट धरून, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही. शेपटीला उभं राहताना अगदी मागं नको, मांडीच्या बाजूला उभं राहून शेपूट आपल्याकडं घ्यावी.

गोखरू, आघाडा, कुसळी हा पावसाळ्यानंतरचा ताप. गोखरू कोरडा ओढला तर निम्मे केस घेऊन येतो. त्यावर थोडं खोबरेल जिरवायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि काटा दोन बोटांत मोडून तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढायचा. हातात जाड मोजा घालावा. कुसळी कातडीत शिरलेली असेल तर चिमट्यानं काढावी. तिच्यावर खरारा फिरवला तर ती आणखी आत जाते.

वरातीहून आलेल्या घोड्याच्या आयाळीत चमकी, गुलाल आणि फटाक्याची दारू असते. ती कोरडी घासायची नाही, डोळ्यांत जाते आणि कातडीवर सँडपेपरसारखी फिरते. आधी ओल्या, पिळलेल्या फडक्यानं टिपायची, फडकं दर दोन हातांनी उलटायचं. मग वाळल्यावर मऊ ब्रश.

पाणी, घाम, निपटणं

रोज अंघोळ घालायची गरज नाही, आणि टँकरच्या गावात ते परवडतही नाही. घाम मात्र अंगावर वाळू देऊ नये. खोगिराखाली आणि तंगाच्या जागी वाळलेल्या घामाचं मीठ साठतं, त्यावर पुन्हा तंग आवळला की जखम ठरलेली.

उन्हाळ्यात दौडून आलेला, धापा टाकणारा घोडा थंड करायचा असेल तर पाणी अंगभर सतत ओतत राहणं सगळ्यात चांगलं. पाणी मोजकं असेल तर एक बादली मान, छाती, खांदा नि मांड्यांवर ओतायची, गरम झालेलं पाणी लगेच निपटून काढायचं आणि पुढची बादली ओतायची. सावली आणि वारा असेल तिथं हे करावं. गार पाण्यानं घोडा आखडतो ही भीती मनातून काढा, उष्माघातानं जाणारे घोडे त्याहून कितीतरी जास्त.

निपटायला ॲल्युमिनियमची वाकडी पट्टी मिळते. फरशीवरचं पाणी ओढायचा छोटा रबरी वायपर, दांडा काढून, तितकाच चालतो. रबराची कड फाटली की बदला. मानेवर, पोटावर, पुठ्ठ्यावर तो फिरवा. पाय हातानंच निपटा, हाडावर पट्टी लागली की घोडा पाय आपटतो.

स्पंज दोन, वेगवेगळ्या रंगांचे. एक डोळे आणि नाकपुड्यांसाठी, दुसरा शेपटीखाली. ते कधीही अदलाबदल होता कामा नयेत. डोळा आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला पुसायचा, आणि दुसऱ्या डोळ्याआधी स्पंज धुवायचा. खरं तर डोळ्यांना सुती कापडाचे चौकोनी तुकडे बरे, उकळून घेता येतात. स्पंजात ओल टिकते, आणि ओल तिथं कुजका वास.

ब्रश धुणं

काळवंडलेला ब्रश अंगावरची घाण काढत नाही, कालची घाण आज परत लावतो. पांढरा रुमाल घेऊन ब्रशवर एकदा ओढून पाहा, रुमाल काळा झाला तर धुवायची वेळ झाली. रोज वापर असेल तर आठवड्यातून एकदा, धुळीच्या दिवसांत दोनदा.

आधी ब्रशवर कोरडा लोखंडी खरारा मारून केस आणि कोंडा काढा. उथळ परातीत कोमट पाणी घ्या, १ सेंटिमीटरच्या आसपास, त्यात चमचाभर सौम्य शाम्पू किंवा रिठ्याचं पाणी. ब्रश केसांच्या बाजूनं उभा टेकवून खालीवर करा. लाकडाची पाठ पाण्यात बुडवायची नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. लाकूड फुगतं, वाळताना आक्रसतं, आणि झुपके धरणारी भोकं सैल होतात. ब्रशचे केस झडायला लागले की लोक ब्रशला नावं ठेवतात, बहुतेक वेळा कारण हेच बुडवणं असतं. दोन ब्रश एकमेकांवर घासले की मधला मळ सुटतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून झटकायचं.

बोअरचं पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यात साबण फेसाळत नाही आणि केसांवर पांढरट, चिकट थर राहतो. त्यासाठी रिठा साबणापेक्षा चांगला. साबणच वापरला असेल तर शेवटच्या १ लिटर पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर टाकून खळबळा, मग साधं पाणी. पावसाचं पाणी साठवलं असेल तर उत्तम.

वाळवताना केस खाली किंवा ब्रश आडवा ठेवावा. पाठीवर उताणा ठेवला तर पाणी केसांतून लाकडात उतरतं. सावलीत, वाऱ्यावर. एप्रिल-मेच्या उन्हात टाकलेलं लाकूड तासाभरात तडकतं आणि रबराचा खरारा कडक होतो. वाळायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून मऊ ब्रश शक्यतो दोन असावेत. पावसाळ्यात वाळत नसेल तर पंख्याखाली, चुलीवर नाही.

गजकर्ण, ग्लँडर्स आणि उसना ब्रश

अंगावर गोल, केस गेलेले, खवल्याचे चट्टे दिसले तर गजकर्णाचा संशय घ्या. ही बुरशी ब्रशवर, खोगिराखालच्या नमद्यावर आणि तबेल्याच्या लाकडात महिनोन्‌महिने जिवंत राहते, आणि माणसालाही होते. चट्टा दिसेपर्यंत लागण होऊन एक ते चार आठवडे गेलेले असतात, तोवर तो ब्रश गावभर फिरलेला असतो. अशा घोड्याला खरारा करणं थांबवा, घासल्यानं बुरशी अंगभर पसरते. उपचार डॉक्टरांकडून.

साधनांचं काय करायचं? लाकडी आणि नैसर्गिक केसांचे ब्रश जाळून टाका. जिवावर येतं, पण ते खात्रीनं शुद्ध होत नाहीत. प्लॅस्टिकचे ब्रश, रबरी खरारा आणि आकडी आधी साबणानं पूर्ण स्वच्छ धुवा, कारण मळ असेल तर पुढचं औषध निकामी होतं. मग घरगुती ब्लीच, साधारण ५ टक्क्यांचं, १ भाग आणि ९ भाग पाणी, त्यात १० मिनिटं बुडवून ठेवा आणि भरपूर पाण्यात धुवा. द्रावण दर वेळी ताजं करा. ब्लीचमध्ये फिनेल, व्हिनेगर, ॲसिड काहीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. हातमोजे घाला आणि काम उघड्यावर करा.

यात्रेत तर ब्रश, स्पंज, बादली, तोबरा, लगाम काहीच उसनं द्यायचं नाही, घ्यायचंही नाही. कारण नुसतं गजकर्ण नाही. ग्लँडर्स हा घोडा-गाढवांचा जिवाणूजन्य रोग नाकाच्या स्रावातून पसरतो आणि माणसाला होऊ शकतो. नाकपुड्या पुसलेला स्पंज दुसऱ्या घोड्याला लावणं म्हणजे रोगाला हातानं नेऊन पोचवणं. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, नाकात किंवा पायांच्या आतल्या बाजूला गाठी-जखमा असलेला घोडा दिसला तर लांब राहा आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा. या रोगाची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते, आणि तो कायद्यानं कळवायचा रोग आहे. "पाच मिनिटं ब्रश द्या की" म्हणणाऱ्याला नाही म्हणायला जड जातं. त्यापेक्षा पेटीत एक स्वस्त जादा ब्रश ठेवावा, तो देऊन टाकावा, परत मागू नये.

प्रत्येक घोड्याच्या साधनांवर ऑइल पेंटचा एकेक रंग लावा. सईस बदलला तरी रंग बदलत नाही.

बैलाचं घोड्याला लावू नका

खरारा करताना हात फिरतोच, तेव्हा गोचीड तपासा: कानांत, जबड्याखाली, आयाळीच्या मुळाशी, शेपटीखाली, मागच्या मांड्यांच्या मध्ये. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही. रॉकेल टाकू नका, कातडी भाजते.

आणि ही गोष्ट गोठा नि तबेला एकच असणाऱ्यांनी विसरू नये. गाई-बैलांच्या गोचिडांवर फवारायचं अमिट्राझ घोड्याला चालत नाही. आतड्याची हालचाल मंदावते, शेण अडकतं आणि पोटशूळानं घोडा दगावू शकतो. डब्यावर अमिट्राझ लिहिलेलं असेल तर तो पंप, ती बादली, ते फडकं आणि तो ब्रश घोड्याजवळ येताच कामा नये, धुतलेला असला तरी. घोड्यासाठी कोणतं औषध आणि किती, ते डॉक्टरांनीच सांगावं.

ठेवायची पेटी

रेक्झिनच्या बंद पिशव्या दिसायला छान असतात आणि बुरशीला त्याहून छान. भाजीवाल्यांकडं असतो तसा जाळीचा प्लॅस्टिक क्रेट घ्या. मऊ ब्रश वर, आकडी कडेला, स्पंज क्रेटमध्ये नाहीच, बाहेर खिळ्याला. क्रेट भिंतीला टेकून जमिनीवर ठेवू नका, वाळवी लाकडी पाठ पोखरते, उंदीर कातडी पट्टा कुरतडतात. जनावराच्या केसांना कसरही लागते. न वापरता ठेवायचा मऊ ब्रश पूर्ण वाळवून, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह सुती फडक्यात गुंडाळावा. पट्ट्यावर पावसाळ्यात पांढरी बुरशी आली तर ती कोरड्या फडक्यानं तबेल्याबाहेर पुसून टाका आणि पट्टा वाळल्यावर थेंबभर कडुनिंबाचं तेल चोळा.

केस कापायचं यंत्र असेल तर दोनच गोष्टी सांभाळा. घोडा धुऊन वाळवल्याशिवाय ते अंगाला लावू नका, धुळीनं पात्याची धार एका बैठकीत जाते. आणि दर पाच-दहा मिनिटांनी तेलाचे दोन थेंब टाकून पातं मनगटाला लावून पाहा. चटका बसला तर थांबा. धार लावायला पातं गावातल्या कात्रीवाल्याकडं देऊ नका. वरचं नि खालचं पातं एकाच पातळीत घासावं लागतं, ते त्याच्या दगडावर होत नाही.

ब्रशचे मधले केस कडेच्या केसांपेक्षा बोटाच्या पेराएवढे खाली गेले, किंवा पाठीला आडवी चीर गेली, की तो अंगासाठी संपला. खुरांचा बाहेरचा चिखल झाडायला तो अजून वर्षभर चालतो, मात्र त्याच्यावर वेगळी खूण करा, नाहीतर कोणीतरी तोच पुन्हा तोंडावर फिरवतं.